पर्वतप्रवासाचे सामान : उंची, ओल आणि ऋतू यांचा हिशेब

आमच्या वस्तीच्या नावात ‘पर्वत’ हा शब्द आहे. परंतु पर्वत पाटियावर उभे राहून चोहोकडे दृष्टी टाकली तर साधी टेकडीही दृष्टीस पडत नाही. पर्वत हे येथील मूळ गावाचे नाव, आणि त्या गावाचा रस्त्यावरील फाटा तो पाटिया. भूमी तापीच्या गाळाची, सपाट आणि समुद्रसपाटीपासून अवघी दहा-पंधरा मीटर उंच. अशा भूमीवर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांचा खऱ्या पर्वताशी संबंध येतो तो वर्षातून एक-दोन वेळा, सुट्टीच्या निमित्ताने. उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या म्हणजे महाबळेश्वर, माथेरान, अबू किंवा हिमाचल प्रदेश. पावसाळ्यात एखाद्या रविवारास जोडून सापुतारा. दिवाळीस बाजार बंद झाला म्हणजे लाभपंचमीपर्यंत एखादा लांबचा प्रवास. आणि अलीकडे डिसेंबर-जानेवारीत मुलांच्या हट्टाखातर बर्फ पाहण्याची वारी, असा हा क्रम बहुतेक घरांतून ठरून गेलेला आहे.

प्रवासाची तिकिटे दोन-दोन महिने आधी काढली जातात, उतरण्याची जागा दहा ठिकाणी चौकशी करून निश्चित केली जाते. सामानाचा विचार मात्र निघण्याच्या आदल्या रात्री होतो, आणि तोही कपाटात जे हाताशी येईल त्यावरून. परिणामी चार माणसांच्या कुटुंबाबरोबर सहा बॅगा निघतात आणि डोंगरावर पोहोचल्यावर आजोबांसाठी कानटोपी व लहान मुलासाठी कोरडे पायमोजे सापडत नाहीत. तरुण माणूस अशी गैरसोय हसून सोसू शकतो. साठी उलटलेल्या माणसाच्या व पाच वर्षांच्या आतील मुलाच्या बाबतीत मात्र तीच उणीव आजारपणाचे, प्रसंगी प्राणसंकटाचे कारण होते. म्हणून या विषयाचा चार पाने शांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, सामान बांधताना स्थळाचे नाव व प्रसिद्धी बाजूस ठेवून तीन गोष्टींचा हिशेब करावा : स्थळाची उंची, तेथील ओल, आणि वस्त्र अंगावर घालणाऱ्याचे वय व प्रकृती. हा हिशेब जमला म्हणजे बॅगांची संख्या आपोआप कमी होते, आणि जे आवश्यक ते सुटत नाही.

उंचीचा हिशेब

समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होत जाते. हे प्रमाण दर हजार मीटरांस सरासरी साडेसहा अंश सेल्सिअस इतके धरतात. हा नियम पाठ असला तर कोणत्याही स्थळाचा अंदाज घरबसल्या करता येतो. सुरतेत पारा ३४ अंशांवर असेल तर सुमारे एक हजार मीटर उंचीच्या सापुताऱ्यास तो २७-२८ च्या आसपास असावा. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटरांवर आहे. तेथे नऊ अंशांचा फरक धरावा. अबूचे गाव सुमारे १,२२० मीटरांवर, माथेरान सुमारे ८०० मीटरांवर. मनाली दोन हजारांवर व सिमला सुमारे २,२०० मीटरांवर असल्याने तेथे तेरा-चौदा अंशांची घट होते. मनालीच्या वरील रोहतांग खिंड ३,९७८ मीटर उंच आहे; तेथे केवळ उंचीमुळे पडणारा फरक पंचवीस अंशांहून अधिक होतो.

हा हिशेब ढोबळ आहे. उत्तरेकडील स्थळांस हिवाळ्यात याहून अधिक थंडी असते, कारण तेथे सूर्य अधिक तिरपा येतो व दिवस लहान असतो. शिवाय दोन गोष्टी यात मिळवाव्या लागतात. पहिली वारा. माथ्यावरचा वारा अंगाभोवती तापलेली हवा सतत उडवून नेतो, म्हणून तेच तापमान वाऱ्यात कितीतरी कमी भासते. दुसरी गोष्ट रात्र. डोंगरावरील विरळ व कोरडी हवा दिवसाची उष्णता धरून ठेवीत नाही. आकाश निरभ्र असेल तर सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने निवते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याची वार्ता वृत्तपत्रांतून अनेकदा येते. त्या दिवशी हवेचा पारा शून्यापेक्षा वर असू शकतो. परंतु गवताचे पाते व होडीचे फळकूट उघड्या आकाशाखाली हवेपेक्षाही थंड होते आणि त्यावरील दव गोठते. अशा पहाटे तलावाकाठी फिरावयास निघणाऱ्याने वर्तमानपत्रातील आकड्यावर विसंबून कानटोपी खोलीवर ठेवू नये.

उंचीबरोबर ऊनही प्रखर होते. सूर्याच्या अतिनील किरणांचे प्रमाण दर हजार मीटरांस सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, आणि ताजे बर्फ त्यांपैकी बहुतांश किरण पुन्हा वर फेकते. थंडी वाजत असतानाच त्वचा भाजते व डोळे चुरचुरतात, त्याचे हे कारण आहे. बर्फाकडे जाणाऱ्या प्रत्येकाजवळ, मुलांजवळसुद्धा, चांगल्या प्रतीचा काळा चष्मा असावा. त्याची गणना शोभेच्या वस्तूंत करू नये.

कापड आणि पाणी

आपण कापडाचे व्यापारी आहोत. ताका हाती येताच त्याचे वजन, वीण, चमक व भाव आपण डोळे मिटून सांगू शकतो. पण डोंगरावर कापडाची परीक्षा या गुणांवरून होत नाही. ते पाण्याशी कसे वागते यावरून होते.

सुताच्या व्यापारात ज्यास ‘रिगेन’ म्हणतात तो आकडा येथे उपयोगी पडतो. ठराविक हवेत कोरडा तंतू आपल्या वजनाच्या किती टक्के ओलावा स्वतःत घेतो, हे त्यावरून समजते. कापसाचे हे प्रमाण सुमारे साडेआठ टक्के, लोकरीचे सुमारे सोळा, नायलॉनचे सुमारे चार, आणि पॉलिएस्टरचे अर्धा टक्काही नाही. लोकर सर्वांत अधिक ओलावा घेते, तरीही ती थंडीत श्रेष्ठ का ठरते, असा प्रश्न येथे सहज उद्भवतो. उत्तर असे की, लोकर ओलावा तंतूच्या आत घेते. तिचा पृष्ठभाग कोरडा भासतो आणि तिची नैसर्गिक कुरळी ठेवण ओलसर झाल्यावरही पूर्णपणे दबत नाही. त्या कुरळेपणात अडकलेली स्थिर हवा हेच ऊब देणारे खरे द्रव्य आहे. ऊब कापडाच्या जाडीत नसून त्यात कोंडलेल्या हवेत असते, हे एकदा ध्यानी आले म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात.

कापूस भिजला की त्याचे तंतू चिकटतात, मधली हवा निघून जाते व तिच्या जागी पाणी भरते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून सुरतेच्या उन्हात सुखद वाटणारा सुती सदरा डोंगरावरच्या पावसात अंगाची ऊब शोषून घेतो, आणि जीनची विजार तर दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. थंडीने माणूस दगावण्यास बर्फच लागते असे नाही. दहा-बारा अंशांच्या हवेत, ओल्या कपड्यांनिशी व वाऱ्यात तास-दोन तास राहिल्यानेही शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. अनावर कापरे भरणे, जीभ अडखळणे, सुस्ती येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी चहा देण्यापूर्वी ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, हा पहिला उपचार आहे. आणि तो करण्यासाठी कोरडे कपडे बरोबर असावे लागतात.

पॉलिएस्टर हा आपल्या सुरतेचा जीवनाधार. इंग्लंडमध्ये १९४१ साली व्हिनफील्ड व डिक्सन या दोघा शास्त्रज्ञांनी शोधून काढलेला हा तंतू पाणी आत घेत नाही. त्याच्या विणीत पाणी राहते, परंतु पिळून झटकले म्हणजे बरेचसे निघून जाते, आणि कापड लवकर वाळते. म्हणून पावसाळी प्रवासात पातळ पॉलिएस्टरचा सदरा व विजार उत्तम. त्याच तंतूची केसाळ वीण, जिला बाजारात फ्लीस म्हणतात, वजनाने हलकी व उबदार असते. पोकळ पॉलिएस्टर तंतू भरलेली जाकिटेही आता सर्वत्र मिळतात. पक्ष्यांची पिसे भरलेली जाकिटे आपल्या घरांत वर्ज्य मानली जातात. त्यांची उणीव या जाकिटांनी भरून निघते, आणि भिजल्यानंतर ऊब टिकण्याच्या बाबतीत ती पिसांपेक्षा सरसही ठरतात. विकत घेताना आत काय भरले आहे याची चिठ्ठी वाचावी, एवढेच.

मात्र कृत्रिम कापडाचा एक दोष सर्वांनी ध्यानी ठेवावा. ते सुमारे अडीचशे अंशांवर वितळते व वितळलेले कातडीस चिकटते. शेकोटीभोवती बसताना कृत्रिम धाग्याची साडी, ओढणी किंवा जाकीट यांवर लोकरीची शाल घ्यावी. लोकर सहजी पेट घेत नाही.

ज्यांस या विवेचनाचा प्रत्यय घ्यावयाचा असेल त्यांनी घरीच एक प्रयोग करावा. सुती, लोकरी व पॉलिएस्टर कापडाचे वीतभर तुकडे पाण्यात भिजवून, पिळून, रात्री दोरीवर घालावेत आणि तासातासाने हात लावून पाहावे. मुलांस यात मौज वाटेल, आणि बॅगेत काय घालावे याचा निर्णय तीच करतील.

उन्हाळा

वैशाखात सुरतेत उकाडा असह्य होतो, म्हणून डोंगरावर शीतलता असणारच अशा समजुतीने काही मंडळी जाड स्वेटर बरोबर घेतात, तर काही मुळीच घेत नाहीत. महाबळेश्वरी मे महिन्यात दुपार तीस अंशांच्या आसपास व रात्र विसाच्या घरात असते. तेथे दिवसा सुती कपडे, रुंद काठाची टोपी, आणि संध्याकाळसाठी एक पातळ स्वेटर किंवा शाल पुरते. कापसाचा खरा उपयोग या कोरड्या उन्हातच आहे. मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या सरी येतात, म्हणून एक छत्री असावी.

माथेरानास जाणाऱ्यांनी बॅगेच्या आकाराचा विशेष विचार करावा. खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नाही. तेथून बाजारापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर अंतर अनेकांना पायी, घोड्यावर किंवा हमालाच्या साहाय्याने काटावे लागते. नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. परंतु तिच्या डब्यांत मोठ्या पेट्यांना जागा नसते. चाकांची बॅग तांबड्या मातीच्या व दगडगोट्यांच्या वाटेवर ओढता येत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या पाठीवर मावेल इतकेच न्यावे, पांढरे बूट घरी ठेवावेत, आणि खाण्याचे जिन्नस झाकणाच्या डब्यात न्यावेत. वानरे हातातील पिशवी हिसकावून नेण्यास मागेपुढे पाहत नाहीत.

हिमाचलाकडे उन्हाळ्यात जाणाऱ्यांचे गाठोडे याहून वेगळे. सिमला-मनालीस दिवसा सदरा पुरतो, रात्री स्वेटर लागतो. परंतु त्याच प्रवासात एक दिवस रोहतांगकडे जावयाचे असेल तर त्या एका दिवसासाठी हिवाळ्याचे सामान लागते. प्रत्येकी एक उबदार जाकीट, कानटोपी, हातमोजे व दोन जोड पायमोजे अशी वेगळी पिशवी करून ती मोटारीत हाताशी ठेवावी. बर्फात चालण्याचे बूट व अंगरखे वाटेवरील दुकानांतून भाड्याने मिळतात, ते सुरतेहून नेण्याचे कारण नाही. मात्र त्या बुटांत घालण्याचे मोजे आपले स्वतःचे असावेत.

पावसाळा

सुरतेहून दीडशे किलोमीटरांहून थोडे अधिक अंतरावर, डांगच्या अरण्यातून घाट चढून गेले की सापुतारा येतो. नाशिककडील मंडळींसही तो जवळ. तापी लाइनीने नंदुरबारास उतरून तोरणमाळास जाणारीही कुटुंबे आपल्यांत, विशेषतः खानदेशातून आलेल्यांत आहेत. पावसाळ्यात ही दोन्ही स्थळे ढगात बुडालेली असतात आणि त्यांचे सौंदर्य त्याच काळी पाहावे असे आहे. अधिक मोठा पाऊस महाबळेश्वरचा. तेथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे सुरतेच्या सुमारे चौपट. पावसाळ्यापूर्वी घराच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधून झाकण्याची रीत तेथे पूर्वापार होती, यावरून त्या पावसाच्या माऱ्याची कल्पना यावी.

या ऋतूत थंडीपेक्षा ओल हा शत्रू. हवेत इतके बाष्प असते की, खोलीत टांगलेला पंचा तीन दिवस दमट राहतो. म्हणून पावसाळी सामानाचा पाया तीन गाठोड्यांचा असावा. पहिल्यात भिजण्याचे कपडे : पातळ पॉलिएस्टरचे, गुडघ्याखाली फार न लोंबणारे. दुसऱ्यात खोलीवरचे कोरडे कपडे. तिसऱ्यात प्रत्येकी एक पूर्ण जोड, एक पंचा व पायमोजे, असे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. हे गाठोडे परतीच्या प्रवासाआधी उघडू नये. ओल्या अंगाने वातानुकूलित मोटारीत चार तास बसून परतल्यावर मुले आजारी पडतात, आणि दोष मात्र डोंगराच्या हवेस दिला जातो.

घाटमाथ्यावरचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. तेथे छत्री उलटते. टोपी जोडलेला लांब रेनकोट हेच खरे साधन. छत्री गावातल्या बाजारापुरती. चपला निसरड्या दगडांवर घात करतात, म्हणून खोल खाचांच्या तळव्याचे बूट असावेत. ते कातडी असण्याचे कारण नाही, रबरी तळव्याचे व कापडी अंगाचे पुरे. भिजलेल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत व दोन तासांनी बदलावेत. सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात. जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा यासाठी बरोबर असावा. बॅगेवर बाहेरून आवरण घालण्यापेक्षा आतून मोठ्या प्लास्टिक पिशवीचे अस्तर द्यावे, कारण आवरणाच्या फटीतून पाणी शिरतेच.

घाटात धुके व दरडी यांमुळे मोटार दोन-चार तास अडकून पडणे या दिवसांत नवल नाही. पिण्याचे पाणी, कोरडा फराळ, एक विजेरी व लहान मुलाचे दूध इतके सामान डिकीत न ठेवता आसनाजवळ ठेवावे.

दिवाळी ते लाभपंचमी

आपल्या बाजाराची ही एकमेव दीर्घ विश्रांती. म्हणून सर्वाधिक कुटुंबे याच काळी बाहेर पडतात. हा काळ फसवा आहे. सुरतेत त्या दिवसांत पंखा चालू असतो, म्हणून लोकरी कपड्यांची पेटी माळ्यावरून उतरविण्याचे कोणाच्या मनात येत नाही. अबूस किंवा महाबळेश्वरी दुपार सुखद असते. परंतु सूर्य मावळताच दोन तासांत पारा भरभर उतरतो. हिमाचलाच्या उंच भागांत तर याच सुमारास पहिले बर्फ पडू लागते.

या ऋतूचा मंत्र एकावर एक पातळ थर हा होय. एक जाड कोट घेण्याऐवजी पातळ बंडी, सदरा, बारीक लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर, आणि वारा अडविणारे पातळ जाकीट असे चार थर न्यावेत. दुपारी दोन काढावेत, रात्री चारही घालावेत. दोन थरांच्या मध्येही हवा कोंडते व ऊब देते, म्हणून चार पातळ कपडे एका जाड कपड्यापेक्षा अधिक काम करतात आणि बॅगेत कमी जागा घेतात. दिवाळीची नवी भरजरी वस्त्रे डोंगरावर नेण्याचा मोह आवरावा. छायाचित्रासाठी एक जोड पुष्कळ झाला.

हिवाळा

अबूस पौष-माघात पारा काही वर्षी शून्याच्याही खाली जातो, ही गोष्ट राजस्थानातून आलेल्या आपल्या बांधवांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. देलवाड्याच्या मंदिरांत अनवाणी पायांनी संगमरवरावर उभे राहावे लागते. पहाटे तो दगड अतिशय थंड असतो, म्हणून वृद्धांनी दर्शनाची वेळ ऊन वर आल्यानंतरची ठेवावी. कातडी पट्टा व पाकीट तेथे आत नेता येत नाही, तेव्हा कापडी पट्टा व कापडी बटवा आधीच घेणे सोयीचे.

मनाली व सिमल्यास जानेवारीत अंगाला लागून लोकरी किंवा कृत्रिम धाग्याची अंगची बंडी व तुमान, त्यावर स्वेटर, त्यावर वारा व हिम अडविणारे जाकीट असा क्रम असावा. अंगाला लागून सुती बनियन घालू नये. बर्फात खेळताना घाम येतो, बनियन भिजते, आणि खेळ थांबताच तेच अंगावर गार पडते. पायमोजे माणशी दिवसाला दोन या हिशेबाने न्यावेत. बूट किंचित सैल असावेत, कारण घट्ट बुटांत बोटांकडील रक्ताभिसरण मंदावते व मोज्यांतली हवाही दबते. मुलांचे हातमोजे दोरीने जोडून अंगरख्याच्या बाह्यांतून ओवून ठेवावेत, म्हणजे हरवत नाहीत.

एका गोष्टीचा येथे निक्षून उल्लेख करावयाचा आहे. थंडी असह्य झाली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून निजू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा गंध नाही. झोपेतच मनुष्याचा प्राण जातो. अशा दुर्घटना दर हिवाळ्यात वाचनात येतात. रबरी गरम पाण्याच्या पिशव्या प्रवासात जड नसतात; वृद्धांसाठी त्या अवश्य न्याव्यात.

उंच ठिकाणी हवाही विरळ होते. चार हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के असतो. साधारणतः अडीच हजार मीटरांपुढे डोके दुखणे, मळमळणे, झोप न येणे ही लक्षणे दिसू शकतात. जो विमानाने थेट साडेतीन हजार मीटरांवरील लेहला उतरतो त्याने पहिले दोन दिवस विश्रांतीत घालवावेत. बसल्या जागी धाप लागू लागली किंवा चाल अडखळू लागली तर विलंब न करता खाली उतरणे हाच उपाय. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रोजची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा चार दिवस अधिक पुरतील इतकी घेऊन अंगावरील पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन गोठले तर निरुपयोगी होते. बर्फाळ प्रदेशात ते अंगरख्याच्या आतील खिशात बाळगावे.

अन्नाची तयारी

आपली कुटुंबे खाण्याचे जिन्नस बरोबर नेतात, ही प्रथा डोंगरावर फार उपयोगी ठरते. खाखरे, भाजलेले पोहे, सुकी चटणी, शेव व सुका मेवा हे हलके व टिकाऊ. पावसाळ्यात मात्र खाखरे एका मोठ्या डब्यात न भरता दिवसाच्या हिशेबाने लहान पुड्यांत बांधावेत. डबा एकदा उघडला की सारेच मऊ पडतात. उंचीवर हवाबंद पुड्या फुगतात, कारण बाहेरचा दाब कमी होतो. तो माल बिघडलेला नसतो. तेल, शॅम्पू इत्यादींच्या मऊ बाटल्या बूच लावण्यापूर्वी दाबून आतली हवा काढावी, म्हणजे वाटेत गळत नाहीत.

ज्या मंडळींबरोबर महाराज व रसोडे असते त्यांनी ध्यानी ठेवावे की, दोन हजार मीटरांवर पाणी सुमारे ९३ अंशांवरच उकळते, चार हजारांवर ८७ च्या आसपास. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही व इंधन व्यर्थ जाते. प्रेशर कुकर न्यावा, व डाळ मुगाची न्यावी. ती लवकर शिजते.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी वेळेचा हिशेबही सामानात धरला पाहिजे. डिसेंबरात सुरतेचा सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. मनालीस तो साडेपाचच्याही आधी, आणि पर्वतांच्या आड सूर्य त्याहून पूर्वीच दिसेनासा होतो. फिरून परतेतो स्वयंपाक होणार नाही, हे गृहीत धरून संध्याकाळचे जेवण डब्यात व उकळलेले पाणी थर्मासात बरोबर ठेवावे.

सहल आणि यात्रा यांचे गाठोडे एक नव्हे. शत्रुंजयावर अन्न नेण्याची व खाण्याची रीत नाही, आणि चातुर्मासात यात्रा बंद असल्याने पावसाळी सामानाचा प्रश्नच येत नाही. गिरनार, मांगीतुंगी किंवा सम्मेदशिखर येथे पहाटेच्या काळोखात चढण सुरू होते. आरंभी शाल हवीशी वाटते, तासाभरात घाम येतो. अंगावरून काढून कमरेस बांधता येईल असे हलके वस्त्र व एक विजेरी एवढे पुरे.

शेवटचे काम

आता सामान भरण्याविषयी एक व्यापारी सूचना. दुकानात मालाची नोंद ठेवल्यावाचून आपण एक दिवस काढीत नाही. मग घरच्या प्रवासाची नोंद का नसावी? एक साधी वही करावी. प्रत्येक प्रवासास एक पान. डावीकडे नेलेल्या वस्तूंची माणशी यादी; उजवीकडे, परत आल्यावर त्याच दिवशी, कोणती वस्तू वापरली, कोणती न उघडता परत आली, आणि कोणती नव्हती म्हणून अडले ते लिहावे. वर स्थळ, महिना व उंची नोंदवावी. दोन-तीन वर्षांत त्या घराची स्वतःची अशी यादी तयार होईल, आणि ती कोणाही बाहेरच्याने, आम्हीसुद्धा, दिलेल्या यादीपेक्षा अधिक विश्वासार्ह असेल.

ही वही घरातील मुलामुलींनी लिहावी. आजीला कोणती शाल हलकी वाटते, धाकट्याचे बूट कोणत्या वर्षी लहान झाले, काकांच्या गोळ्या कोणत्या पिशवीत असतात, हे त्यांना लिहिता लिहिता समजेल, आणि पुढच्या सुट्टीत बॅग भरण्याचे काम ती आपण होऊन हाती घेतील. यंदाच्या दिवाळीत जी कुटुंबे डोंगराकडे निघणार आहेत त्यांनी लोकरी कपड्यांची पेटी आठ दिवस आधी उतरवून उन्हात घालावी, आणि वहीचे पहिले पान त्याच दिवशी उघडावे, अशी आमची सर्व सभासद बंधुभगिनींस विनंती आहे.